अल्ट्रासॉनिक वेगमापकातील चुकांची दुरुस्ती : एका गुणकाने का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. समोरासमोर बसवलेल्या ट्रान्सड्यूसरच्या (ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या घटकांच्या) दोन जोड्या असलेला, म्हणजे द्विमितीय, वाऱ्याचा अल्ट्रासॉनिक वेगमापक एका खांबावर कप अॅनिमोमीटरच्या, म्हणजे फिरत्या कपांच्या वेगमापकाच्या, शेजारी चालू आहे. प्रत्येक जोडीतील अंतर १५ सेंटीमीटर असून वारंवारता २०० किलोहर्ट्झ आहे आणि ध्वनीला हे अंतर कापायला लागणारे कच्चे प्रवासकाळ नोंदवण्याची सोय आहे. तक्रारी चार आहेत. वारा पूर्ण पडलेला असतानाही यंत्र सुमारे ०.०५ मीटर प्रतिसेकंद दाखवते. काही ठरावीक दिशांच्या वाऱ्यात ते कपपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी वाचते. दमट हवेत त्याचे तापमान शेजारच्या तापमापकापेक्षा तीन अंशांनी जास्त येते. आणि पावसात वेग एकाएकी दोन मीटर प्रतिसेकंदाने उडी घेतो. कपच्या वाचनाशी सरळ रेषा जुळवून मिळणारा एक गुणक आणि एक स्थिरांक लावला तर हे सगळे सुटेल का, असे विचारले आहे.

सुटणार नाही, आणि तसे करणे हानिकारकही आहे. या चार तक्रारींमागे किमान पाच वेगवेगळी कारणे आहेत. त्यांपैकी एक बेरजेच्या स्वरूपाचे आहे, एक गुणाकाराच्या, एक दिशेवर अवलंबून आहे, एक क्वचित पण मोठी झेप घेणारे आहे, आणि एक तर मुळात चूकच नाही. सरळ रेषा या सर्वांची सरासरी काढून प्रत्येकाला थोडे थोडे चुकीचे दुरुस्त करते. माझा आग्रह असा की जी चूक मापनाच्या ज्या पायरीवर शिरते, तिची दुरुस्ती त्याच पायरीवर व्हावी. प्रवासकाळातील चूक प्रवासकाळात, घटकातील चूक घटकात, आणि दिशेची चूक अगदी शेवटी.

मूळ गणित आधी मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वाऱ्याच्या सोबतीने जाणारा ध्वनी लवकर पोहोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. दोन्ही प्रवासकाळांच्या व्यस्त संख्या काढून त्यांच्या फरकाला अंतराच्या निम्म्याने गुणले की त्या मार्गावरील वाऱ्याचा घटक मिळतो, आणि त्यांच्या बेरजेला तेवढ्यानेच गुणले की ध्वनीचा वेग मिळतो. या मांडणीत वाऱ्याच्या घटकातून ध्वनीचा वेग आपोआप वगळला जातो, आणि त्याबरोबर तापमान व आर्द्रताही. ध्वनीचा वेग स्थिर धरून केवळ काळांच्या फरकावरून वारा काढणारी मांडणी आजही काही घरगुती बनावटीच्या सर्किटांत दिसते. तिच्यात २० अंशांना जुळवलेले यंत्र शून्य अंशांना सुमारे सात टक्के जास्त वाचते. तुमच्याकडे तशी मांडणी असेल तर पुढचे काहीही करण्याआधी ती बदला.

आता आकड्यांचा अंदाज. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४३.२ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणून १५ सेंटीमीटरचा प्रवास सुमारे ४३७ मायक्रोसेकंदांत होतो. एक मीटर प्रतिसेकंद वाऱ्यामुळे दोन दिशांच्या काळांत पडणारा फरक फक्त २.५ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे दोन दिशांच्या सर्किटमध्ये केवळ दहा नॅनोसेकंदांची विषमता असली तरी वाचन सुमारे ०.००४ मीटर प्रतिसेकंदाने सरकते, आणि तुम्हाला दिसणारे ०.०५ हे जवळपास १२७ नॅनोसेकंदांच्या विषमतेइतके आहे. ट्रान्सड्यूसर जुने होणे, दोघांच्या अनुनाद वारंवारता तापमानानुसार वेगवेगळ्या सरकणे, एका बाजूच्या केबलमध्ये ओल शिरणे, यांपैकी कशानेही एवढे होऊ शकते.

मात्र ते ०.०५ खरोखर शून्यदोषच आहे का, हे आधी तपासा. वेग हा दोन घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असतो आणि वर्गमूळ ऋण होत नाही. त्यामुळे दोन्ही घटकांची सरासरी अगदी शून्य असली तरी त्यांतील यादृच्छिक गोंगाट वेगाच्या सरासरीत धन होऊन उरतो. प्रत्येक घटकात ०.०२ मीटर प्रतिसेकंद प्रमाण विचलनाचा गोंगाट असेल तर वेगाची सरासरी ०.०२५ येते. असा आकडा वेगातून वजा करणे चूक आहे, कारण खऱ्या वाऱ्यात हा परिणाम नाहीसा होतो आणि वजाबाकी मात्र राहते. म्हणून शून्यदोष नेहमी घटकांत पाहावा. प्रत्येक घटकाची वेगळी सरासरी काढा. ती शून्यापासून हटलेली असेल तरच तो शून्यदोष.

तो मोजण्यासाठी आतून ध्वनिशोषक फोम लावलेली बंद पेटी लागते. द्विमितीय यंत्राला पुरेल एवढी पेटी सहज करता येते. पेटीवर ऊन, दिव्याची उष्णता किंवा पंख्याचा झोत येऊ देऊ नका, आणि यंत्र आत ठेवल्यावर तापमान स्थिरावायला काही तास द्या. बाहेरून शांत वाटणाऱ्या पेटीतही तापमानातील अल्प फरकामुळे सेकंदाला काही सेंटीमीटरचे अभिसरण चालू राहते, आणि आपण ज्या आकड्याच्या मागे आहोत तोही तेवढाच आहे. यावर चांगला उपाय आहे. पेटी न हलवता यंत्र आतल्या आत १८० अंशांनी फिरवून दुसऱ्यांदा मोजा. यंत्राचा स्वतःचा दोष यंत्रासोबत फिरतो, त्यामुळे घटकात त्याचे चिन्ह बदलत नाही. पेटीतील हवेचा प्रवाह पेटीशी बांधलेला असल्याने त्याचे चिन्ह उलटते. दोन वाचनांच्या बेरजेचा निम्मा भाग शून्यदोष, आणि वजाबाकीचा निम्मा भाग पेटीतला वारा. हे मापन किमान तीन वेगवेगळ्या तापमानांना करा, कारण शून्यदोष तापमानानुसार सरकतो आणि एकाच तापमानाला काढलेला आकडा थंडीत किंवा उन्हात फसवा ठरतो. आयएसओ १६६२२ हे २००२ चे मानक ध्वनी वेगमापकांच्या स्वीकृती चाचण्यांसाठी आहे. शून्य-वारा पेटी आणि वातबोगदा या दोन्हींच्या चाचण्या त्यात दिल्या आहेत. काम गंभीरपणे करायचे असेल तर ते मिळवून वाचावे.

शून्यदोष ही दोन दिशांमधील विषमता झाली. दोन्ही दिशांत सारखाच येणारा विलंब ही वेगळी बाब आहे. विद्युत स्पंद ट्रान्सड्यूसरला मिळाल्यापासून त्याच्या कंप पावणाऱ्या पडद्यातून ध्वनी निघेपर्यंत, आणि समोरच्या पडद्यावर तो पोहोचल्यापासून सर्किटने ओळखेपर्यंत थोडा काळ जातो. हा काळ मोजलेल्या प्रवासकाळातून वजा व्हायला हवा. तो वजा करायचा राहिला तर शून्य वाऱ्यात काहीच दिसत नाही, पण मोठ्या वाऱ्यात वेग ठरावीक टक्क्याने कमी येतो. नेमका हाच परिणाम मार्गाची लांबी चुकीची धरल्यानेही होतो, आणि अनेक जण इथे अडखळतात, कारण वेगाच्या वाचनावरून ही दोन कारणे वेगळी ओळखता येत नाहीत.

तापमानावरून मात्र ती ओळखता येतात. ध्वनीच्या वेगाच्या वर्गाला ४०३ ने भागले की ध्वनी-तापमान केल्विनमध्ये मिळते. आता पाहा : लांबी चुकीची असेल तर वारा लांबीच्या पहिल्या घाताने चुकतो आणि तापमान दुसऱ्या घाताने. विलंब चुकीचा असेल तर दोन्ही काळाच्या दुसऱ्या घाताने चुकतात, म्हणजे सारख्याच टक्क्याने. १५ सेंटीमीटरच्या मार्गात ट्रान्सड्यूसर धरणारा यंत्राचा हात धक्का लागून एक मिलिमीटर बाहेर वाकला आणि प्रोग्राममध्ये जुनीच लांबी राहिली, तर वारा ०.६७ टक्के कमी वाचला जातो, पण तापमान जवळजवळ चार अंशांनी घसरते. उलट एक मायक्रोसेकंदाचा विलंब वजा करायचा राहिला तर वारा ०.४६ टक्के कमी येतो आणि तापमान सुमारे १.३ अंशांनी. म्हणून वातबोगद्यात किंवा भरवशाच्या संदर्भयंत्राशी तुलना करून वेगाच्या चुकीची टक्केवारी मिळाली की तापमानाच्या चुकीशी तिचे गुणोत्तर काढा. तापमानातील एका अंशाच्या चुकीमागे वेगात ०.१७ टक्के चूक असेल तर लांबी तपासा, आणि ०.३४ टक्के असेल तर विलंब तपासा.

वाहतुकीनंतर किंवा पक्षी बसल्यानंतर हात वाकला आहे की नाही हे व्हर्निअर कॅलिपरने पाहता येतेच, पण ध्वनी-तापमानाची नोंद ही तपासणी यंत्र खांबावरून न उतरवता रोज करून देते. माझ्या मते या यंत्राच्या निदानासाठी एवढे उपयोगी दुसरे काही नाही. ज्यांना फक्त वारा हवा असतो ते बहुतेकदा ध्वनी-तापमान साठवतही नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

विलंबाचा प्रत्यक्ष आकडा त्याच शून्य-वारा पेटीत काढता येतो. पेटीचे तापमान शून्य ते ४० अंशांपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी बदला, प्रत्येक पायरीवर चांगल्या तापमापकावरून आणि आर्द्रतामापकावरून ध्वनीचा खरा वेग काढा, आणि मोजलेला काळ त्या वेगाच्या व्यस्त संख्येसमोर आलेखावर मांडा. रेषेचा उतार म्हणजे मार्गाची परिणामी लांबी आणि उभ्या अक्षावरील छेद म्हणजे विलंब. या टप्प्यात मोजलेला काळ सुमारे ४५३ वरून ४२३ मायक्रोसेकंदांवर येतो. ट्रान्सड्यूसरचा विलंब स्वतःही तापमानाने बदलत असल्याने या पद्धतीत उतार आणि छेद एकमेकांत थोडे मिसळतात. म्हणून उतारातून आलेली लांबी कॅलिपरच्या लांबीशी ताडून पाहा. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक तफावत असेल तर लांबी कॅलिपरचीच ठेवा आणि विलंब तापमानाच्या कोष्टकाच्या रूपात साठवा.

आता तुमच्या तिसऱ्या तक्रारीकडे वळतो. दमट हवेत तीन अंश जास्त येणे ही बहुधा चूक नाहीच. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवेत ध्वनी थोडा वेगाने जातो, आणि यंत्र त्या वेगालाच तापमान समजते. बाष्पदाबाला हवेच्या दाबाने भागून ०.३२ ने गुणले आणि त्याला केल्विनमधील तापमानाने गुणले की हा फरक मिळतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना बाष्पदाब सुमारे ३४ हेक्टोपास्कल असतो, आणि समुद्रसपाटीजवळ हा फरक ३.२ ते ३.३ अंश येतो. तुमच्या तीन अंशांशी हे जुळते. तेव्हा आधी आर्द्रतेची वजावट करा आणि जो फरक उरेल त्यालाच लांबी किंवा विलंबाची चूक समजा; नाहीतर हवेच्या दमटपणावर तुम्ही यंत्राची लांबी बदलत बसाल.

दुसरी वजावट आडव्या वाऱ्याची. मार्गाला काटकोनात वाहणारा वारा ध्वनीला बाजूला ढकलतो, त्यामुळे त्या मार्गावर ध्वनीचा वेग किंचित कमी भासतो. आडव्या घटकाच्या वर्गाला ४०३ ने भागून तेवढे अंश तापमानात मिळवायचे असतात. दहा मीटर प्रतिसेकंदाला हे पाव अंश होते, आणि १५ ला अर्ध्या अंशाहून थोडे अधिक. शोटानुस आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली आर्द्रता आणि आडवा वारा या दोन्हींचा विचार एकत्र मांडला होता. वाऱ्याच्या घटकावर मात्र आडव्या वाऱ्याचा असा परिणाम होत नाही, कारण दोन्ही दिशांना तो सारखाच असतो आणि व्यस्त संख्यांच्या फरकात निघून जातो.

या वजावटी केल्यावर तुमच्या हाती एक मोठी सोय येते. तुमच्या यंत्रात दोन मार्ग आहेत, म्हणजे दोन स्वतंत्र ध्वनी-तापमाने आहेत, आणि हवा एकच असल्याने ती जुळलीच पाहिजेत. पावसातल्या उड्यांचे उत्तर इथे मिळते.

यंत्र येणाऱ्या ध्वनिलहरीतील एक ठरावीक शून्य-छेद, म्हणजे लहर शून्य रेषा ओलांडते तो क्षण, पकडून काळ मोजते. तो छेद कोणत्या आवर्तनाचा हे ठरवण्यासाठी ते लहरीच्या उंचीचा आधार घेते, म्हणजे लहर एक ठरावीक उंबरठा केव्हा ओलांडते ते पाहते. पडद्यावर पाण्याचा थेंब बसला की लहर दुबळी होते, उंबरठा एका आवर्तनाने उशिरा ओलांडला जातो आणि मोजलेला काळ नेमका एका आवर्तनाने वाढतो. २०० किलोहर्ट्झला एक आवर्तन म्हणजे पाच मायक्रोसेकंद. ही घसरण एकाच दिशेच्या स्पंदात झाली तर त्या मार्गाचा वारा सुमारे १.९ मीटर प्रतिसेकंदाने सरकतो आणि त्याच मार्गाचे तापमान सुमारे ३.३ अंशांनी पडते. दोन्ही दिशांत झाली तर वाऱ्यात उडी दिसत नाही, फक्त दोनएक टक्क्यांची घट होते, पण तापमान ६.५ अंशांहून अधिक पडते. तुमच्या दोन मीटर प्रतिसेकंदाच्या उड्या पहिल्या प्रकारच्या असाव्यात. त्या क्षणांची दोन्ही मार्गांची तापमाने शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक मार्ग ३.३ अंशांनी खाली गेलेला असेल तर शंकेला जागा राहत नाही.

अशा नोंदी गाळून टाकण्याची गरज नाही, त्या दुरुस्त होतात. संशयित मार्गाच्या जाण्याच्या आणि येण्याच्या काळातून आळीपाळीने पाच मायक्रोसेकंद वजा करून पाहा. ज्या पर्यायात तापमान दुसऱ्या मार्गाशी जुळते आणि वाऱ्याचा घटकही आधीच्या व नंतरच्या नोंदींशी सांधतो तो स्वीकारा. दोन्ही अटी पूर्ण होत नसतील तर नोंद रद्द करून तसा शेरा ठेवा. केवळ वेगाच्या उडीवरून नोंदी गाळणाऱ्या गाळणीवर विसंबू नका. मध्यकापासूनच्या निरपेक्ष विचलनाचा मध्यक वापरणारी गाळणी सरासरी व प्रमाण विचलनावर चालणाऱ्या गाळणीपेक्षा बरी खरी, पण वादळी पावसातला खरा झोतही तिला उडीच वाटतो आणि नेमके मोलाचे आकडे ती फेकून देते. तापमानाची साक्ष घेतली की झोत आणि घसरण यांत गोंधळ होत नाही, कारण खऱ्या झोतात दोन मार्गांच्या तापमानांत असा फरक पडत नाही.

थेंबाचा आणखी एक सौम्य परिणाम असतो. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे पडद्याला चिकटलेला एक मिलिमीटर जाडीचा थेंब मार्ग दोनएक मायक्रोसेकंदांनी लहान करतो. दोन्ही दिशांना तो सारखाच असल्याने वाऱ्यात फक्त एक टक्क्याच्या आसपास वाढ होते, पण तापमान सुमारे तीन अंशांनी वर जाते. तापमान वर गेले तर थेंब आणि खाली गेले तर घसरण, एवढे लक्षात ठेवले तरी पावसाळी नोंदी वाचणे सोपे होते. थेंब अडून राहू नयेत म्हणून पडद्यांवर जलरोधक लेप देण्याचा उपाय केला जातो. लेप दिल्यावर विलंब पुन्हा मोजायला हवा.

यानंतर दुसरी तक्रार, म्हणजे ठरावीक दिशांना कमी वाचन. या यंत्राची सर्वांत मोठी पद्धतशीर चूक हीच, आणि तिच्यासाठीच एका गुणकाचा मोह सर्वांत घातक. वारा मार्गाच्या रेषेतच वाहत असेल तर वाऱ्याच्या बाजूचा ट्रान्सड्यूसर आपल्यामागे मंद हवेची शेपटी सोडतो आणि ध्वनीचा काही प्रवास त्या मंद हवेतून होतो. यालाच ट्रान्सड्यूसरची सावली म्हणतात. या सावलीसाठी चंद्रन कैमल यांच्या नावाने ओळखले जाणारे सरळ सूत्र बरेच वापरले जाते : वारा आणि मार्ग यांतील कोन ७० अंशांपर्यंत असताना मोजलेला घटक म्हणजे खरा घटक गुणिले एक गुणक, आणि कोनाला ७० ने भागून ०.१६ ने गुणल्यावर येणारा आकडा ०.८४ मध्ये मिळवला की तो गुणक मिळतो. ७० च्या पुढे सावलीचा परिणाम धरत नाहीत. म्हणजे वारा थेट मार्गावरून आला तर त्या घटकात १६ टक्के तूट येते.

याचा दिशेवरही परिणाम होतो, आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. एका मार्गापासून २० अंशांवर दहा मीटर प्रतिसेकंदाचा वारा आहे असे समजा. खरे घटक ९.४० आणि ३.४२. पहिल्या घटकाचा गुणक ०.८८६, म्हणून तो ८.३२ वाचला जातो. दुसऱ्याचा कोन ७० अंश असल्याने तो ३.४२ च राहतो. यंत्र वेग ९.० आणि दिशा २२.३ अंश दाखवते, म्हणजे वेग दहा टक्के कमी आणि दिशा मार्गापासून दोन अंशांहून अधिक ढकललेली. दुरुस्तीसाठी खरा कोन हवा आणि आपल्याजवळ चुकलेला कोन आहे, म्हणून ही दुरुस्ती फेऱ्यांनी करतात. २२.३ अंश धरून दोन्ही घटक दुरुस्त केले की ९.३४ आणि ३.४४ येतात, कोन २०.२. हा कोन धरून मूळ मोजलेले घटक पुन्हा दुरुस्त केले की ९.३९ आणि ३.४२, कोन २०.० आणि वेग १०.० च्या जवळ. दोन फेऱ्यांत काम होते, तिसरी खात्रीसाठी. प्रत्येक फेरीत मूळ मोजलेल्या घटकांनाच भागायचे, आधीच्या फेरीत दुरुस्त झालेल्यांना नाही.

हे ०.८४ आणि ०.१६ तुमच्या यंत्राचे असतीलच असे नाही. व्यास, हातांचा आकार आणि आधाराच्या दांड्या यांवर ते बदलतात, म्हणून शक्य असेल तर वातबोगद्यात यंत्र पाच किंवा दहा अंशांच्या टप्प्यांनी पूर्ण फिरवून, तीन-चार वेगवेगळ्या वेगांना, स्वतःचे कोष्टक करून घ्या. तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवा. बोगद्यातील वारा गुळगुळीत असतो आणि त्यात सावलीची शेपटी लांबपर्यंत टिकते. मोकळ्या हवेतील खळबळ ती लवकर मोडून टाकते. म्हणून बोगद्यातले कोष्टक मैदानात जसेच्या तसे लावल्यास दुरुस्ती प्रमाणाबाहेर होऊ शकते. उल्फ होगस्ट्रॉम आणि आन-सोफी स्मेडमन यांनी २००४ साली हाच प्रश्न प्रत्यक्ष तुलना करून पुढे आणला होता. माझा कल असा, की कोष्टकाचा आकार बोगद्यातून घ्यावा आणि त्याची उंची मैदानातल्या तुलनेवरून बसवावी. बाजारात मिळणाऱ्या अनेक यंत्रांत ही दुरुस्ती आतच केलेली असते, तेव्हा ती चालू आहे की बंद हे निर्मात्याकडून लेखी घ्या. दोनदा लावलेली दुरुस्ती न लावलेल्या दुरुस्तीइतकीच वाईट.

मैदानातल्या तुलनेसाठी दोन यंत्रांच्या वेगांचे गुणोत्तर दिशेसमोर मांडा. चार ट्रान्सड्यूसरच्या यंत्रात सावलीची खूण दर ९० अंशांनी पुन्हा येते. एका फेरीत एकदाच येणारा खड्डा खांबाचा किंवा शेजारच्या उपकरणाचा असतो. त्या दिशेच्या नोंदींना दुरुस्तीचा प्रयत्न न करता शेरा देऊन बाजूला ठेवणे उत्तम, कारण खांबामागचा प्रवाह वेगानुसार आणि खळबळीनुसार बदलत राहतो.

आणि कप हा अंतिम न्यायाधीश नाही. फिरत्या कपला सुरू व्हायला किमान वारा लागतो, तो झोतात लवकर वेग घेतो आणि उतरत्या वाऱ्यात उशिरा मंदावतो, त्यामुळे खळबळीच्या हवेत थोडा जास्त वाचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कप दिशा न पाहता वेगांची सरासरी देतो. तुमच्या यंत्रातून तुम्ही घटकांची सरासरी काढून मग वेग काढत असाल, तर दिशेच्या १५ अंश प्रमाण विचलनाला दोघांत सुमारे ३.४ टक्के फरक कोणतीही चूक नसताना पडतो. तुलना करताना अल्ट्रासॉनिकच्या प्रत्येक नोंदीचा वेग काढून मग त्यांची सरासरी घ्या, आणि चार मीटर प्रतिसेकंदाखालच्या नोंदी तुलनेतून वगळा.

झुकावाबद्दल थोडक्यात. द्विमितीय यंत्र पाच अंश कलले तरी वेगात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो, त्यामुळे स्पिरिट लेव्हलने सरळ बसवले की पुरे. त्रिमितीय यंत्रात मात्र एका अंशाच्या कलण्याने दहा मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात ०.१७ मीटर प्रतिसेकंदाचा खोटा ऊर्ध्व वारा निर्माण होतो, आणि संवेग किंवा उष्णतेचा प्रवाह काढणाऱ्यांसाठी ती गंभीर बाब असते. तिथे विल्झॅक आणि सहकाऱ्यांची २००१ ची, अनेक दिवसांच्या नोंदींना एक प्रतल जुळवण्याची पद्धत वापरावी. अशा यंत्रांच्या बाबतीत फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातील अंतर्गत प्रोग्रामच्या, आवृत्तीची नोंदही जपून ठेवा. एका प्रचलित यंत्राच्या काही आवृत्त्यांत ऊर्ध्व घटक कमी येत होता आणि निर्मात्याला वर जाणाऱ्या वाऱ्यासाठी १.१६६ व खाली येणाऱ्यासाठी १.२८९ असे वेगळे गुणक जाहीर करावे लागले. आवृत्तीची नोंद नसलेल्या जुन्या मालिका आज दुरुस्त करणे फार अवघड जाते.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा राहील. प्रत्येक कच्च्या नोंदीत प्रथम आवर्तनाची घसरण शोधून काळ दुरुस्त करावा, मग विलंब वजा करून मोजलेल्या लांबीने दोन्ही घटक काढावेत, मग त्या तापमानाचा शून्यदोष प्रत्येक घटकातून वजा करावा, आणि त्यानंतरच सावलीची दुरुस्ती फेऱ्यांनी करावी. खऱ्या उत्तरेशी जुळवण्याचे फिरवणे सावलीच्या दुरुस्तीनंतरच करावे, कारण सावली यंत्राच्या अक्षांशी बांधलेली आहे, उत्तरेशी नाही. होकायंत्राने दिशा लावली असेल तर चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतील फरकही याच पायरीवर मिळवावा. दहा मिनिटांची सरासरी सर्वांत शेवटी. सावलीची दुरुस्ती कोनावर अवलंबून असल्याने सरासरीवर लावलेली दुरुस्ती आणि दुरुस्त नोंदींची सरासरी यांची उत्तरे वेगळी येतात, आणि दिशा जितकी हलती तितका हा फरक मोठा.

हे सगळे झाल्यावर तीन आलेख काढून पाहा. कपशी गुणोत्तर दिशेसमोर मांडल्यावर ९० अंशांची पुनरावृत्ती नाहीशी झालेली असावी. आर्द्रता वजा केल्यानंतरचा तापमानाचा फरक आर्द्रतेसमोर मांडल्यावर सपाट असावा. आणि दोन मार्गांच्या तापमानांतील फरक काळासमोर मांडल्यावर शून्याभोवती राहावा. तिसरा आलेख दर महिन्याला काढत जा. हात वाकणे, पडदा जुना होणे, केबलमध्ये ओल शिरणे यांपैकी बहुतेक गोष्टी वाऱ्याच्या आकड्यात जाणवण्याआधी तिथे दिसतात. कच्चे प्रवासकाळ साठवायला जागा लागते हे खरे, पण ते जपून ठेवा, म्हणजे पुढे विलंबाचा किंवा सावलीचा अधिक चांगला आकडा हाती आला तर मागची सगळी मालिका नव्याने काढता येईल.